पाहुण्या शब्दांचा डबीर

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला माधव जूलियन हे नाव वेगळे सांगावे लागत नाही. आईवेगळ्या मुलाची ती कविता लताबाईंच्या आवाजात घरोघरी पोचली आणि ती ऐकताना डोळ्यांत पाणी आले नाही असे घर विरळाच. मायबोलीवरची त्यांची कविताही कित्येकांना तोंडपाठ असते. पण हा कवी आयुष्यभर फारसी शिकवत होता, त्याने फारसी-मराठी कोश रचला आणि पुढे त्याच फारसीचे शब्द मराठीतून काढून टाकावेत म्हणून तो हिरिरीने लढला, हे पाठ्यपुस्तकाच्या पानावर मावत नाही. मला मात्र त्यांच्या आयुष्यातले हेच वळण सर्वांत जास्त ओढून घेते. आपण ज्या भाषेत जेवतो, भांडतो आणि रडतो तिच्यातले आपले काय आणि परके काय, हा प्रश्न त्यांनी पुस्तकात सोडवला नाही, तो ते जगले.

माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यात झाला. सयाजीरावांचे बडोदे म्हणजे गुजरातीच्या मुलखातले मराठी बेट. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, दरबारी कागदांत मुरलेले जुने फारसी शब्द आणि कॉलेजात इंग्रजी. अशा गावात वाढलेल्या मुलाच्या कानाला भाषा ही एकच एक वस्तू असते असे कधी वाटलेच नसेल. पटवर्धनांच्या मुलाने संस्कृतची वाट धरावी हा त्या काळचा रिवाज. माधवरावांनी फारसी घेतली. बडोदा आणि मुंबई इथे शिकून १९१८ साली इंग्रजी आणि फारसी या विषयांत ते एम. ए. झाले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात फारसीचे प्राध्यापक म्हणून लागले. वय वर्षे चोवीस.

पुण्यात त्यांना सोबती मिळाले. १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झाले. यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, दिवाकर अशी ही मंडळी. एकमेकांना कविता वाचून दाखवायच्या, चहा प्यायचा, छोटी पुस्तके काढायची आणि काव्यगायनाचे कार्यक्रम करायचे. कविता छापील पानावरून उठवून सभागृहात आणण्याचे मोठे काम या मंडळींनी केले. १९२५ मध्ये अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ काढून त्यांची यथेच्छ टवाळी केली. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेही, ही नावे लोकांच्या तोंडी राहिली.

ही वर्षे सुखाची मात्र नव्हती. माधवरावांच्या खासगी आयुष्यातल्या एका स्नेहसंबंधावरून पुण्यात गवगवा झाला आणि १९२४ च्या सुमारास त्यांची नोकरी सुटली. तिशीतला बुद्धिमान माणूस, हातात पदवी, डोक्यात दोन-तीन भाषांचे साहित्य, आणि गाव बोटे दाखवते आहे. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांना पक्की प्राध्यापकी नव्हती. आपल्याकडे कवीच्या विरहाचे कौतुक होते, पण त्याच्या बेकारीचा उल्लेख चरित्रात एका ओळीत उरकला जातो. मी जन्मभर लोकांच्या खात्यांतल्या शिलका पाहिल्या असल्यामुळे असेल, मला त्या एका ओळीपाशी थांबावेसे वाटते. कारण नेमक्या याच अडचणीच्या काळात, १९२५ मध्ये, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने त्यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला.

हा कोश कशासाठी होता? शिवकालातली आणि पेशवाईतली पत्रे वाचायला घ्या. लिपी मोडी, भाषा मराठी, पण शब्दाशब्दाला फारसी. इतिहास-संशोधकांना ती पत्रे उलगडायची तर फारसी शब्दांचे अर्थ हवेत, त्यांची मूळ रूपे हवीत, मराठीत येताना त्यांची तोंडे कशी बदलली तेही हवे. हे काम फारसीचा पंडित आणि मराठीचा कवी एकाच देहात असल्याशिवाय होण्यासारखे नव्हते. पाहुणा कोण, कुठून आला, येताना काय घेऊन आला, याची नोंद ठेवणारा कारकून त्या शब्दांना मिळाला. अशा कारकुनाला आपल्याकडे एक जुना शब्द आहे : डबीर. आज तो आडनाव म्हणून उरला आहे. वाचकहो, त्या एका शब्दाची हकीगत सांगितली तर माधवरावांपुढचा पेच कसा होता ते आपोआप लक्षात येईल.

डबीर म्हणजे चिटणीस, पत्रव्यवहार सांभाळणारा. फारसीत तो दबीर. शिवाजी महाराजांच्या कारभारात परराज्यांशी होणारा व्यवहार पाहणारा मंत्री म्हणजे डबीर. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी या पदांना संस्कृत नावे मिळाली. पेशव्यांचे मुख्य प्रधान झाले, मुजुमदारांचे अमात्य, सुरनिसांचे सचिव, सरनोबतांचे सेनापती आणि डबिरांचे सुमंत. पद बदलले तरी आडनाव उरले. नागपूरच्या महालात जसे चिटणवीस वाड्याचे नाव अजून जुनी लेखणी सांगते, तसेच हे.

आता मागे जाऊ. आजच्या फारसीच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे सुमारे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या इराणात, या शब्दाचे रूप दिबीर असे होते. पार्थियन भाषेतही तो होता. पार्थियन म्हणजे संस्कृत ग्रंथांतले पल्हव. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून इसवी सन २२४ पर्यंत त्यांचे साम्राज्य इराणवर होते आणि रोमच्या फौजांना त्यांनी अनेकदा पाणी पाजले. त्यांच्याच राजघराण्याची एक शाखा शेजारच्या आर्मेनियाच्या गादीवर बसली आणि इसवी सन ४२८ पर्यंत तिथे टिकली. आर्मेनियन लोक आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. मुंबईच्या फोर्ट भागात त्यांचे जुने चर्च आहे. तर राजघराण्याबरोबर दरबार गेला, दरबाराबरोबर शब्द गेले, आणि पार्थियनांचा दिबीर आर्मेनियन भाषेत द्पिर झाला. द्पिर म्हणजे लेखनिक. त्यावरून आर्मेनियनमध्ये द्प्रोत्स हा शब्द बनला. त्याचा अर्थ शाळा! येरेवानमधले मूल आज सकाळी पाठीवर दप्तर टाकून जिथे जाते, त्या जागेच्या नावात आपल्या डबिरांचा भाऊ बसलेला आहे.

पण दिबीर हा शब्द तरी अस्सल इराणी आहे काय? तोही नाही. दिबीरमधले दिपि म्हणजे लेख. सम्राट दरायसच्या शिलालेखांत हा शब्द आहे. इराण्यांनी तो एलाम देशातल्या लोकांकडून घेतला. त्यांनी तो बाबिलोनच्या भाषेतून घेतला, तिथे तो टुप्पु होता, आणि बाबिलोनने तो सुमेरच्या लोकांकडून घेतला. सुमेरियन भाषेत दुब म्हणजे मातीची पाटी. ओल्या मातीवर टोकदार काडीने खुणा करायच्या आणि ती पाटी वाळवायची, ही माणसाच्या लेखनाची पहिली शाळा. आपले डबीर त्या शाळेतून निघाले.

आणखी एक गंमत पाहा. हाच दिपि शब्द इराणातून पूर्वेलाही आला. सम्राट अशोकाचे जे लेख आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीला आहेत, त्यांत धर्मलेखासाठी दिपि हाच शब्द वापरलेला आहे. गिरनारच्या लेखात मात्र तिथे लिपि आहे. म्हणजे ज्याला आपण अगदी घरचा, संस्कृत, सोवळ्यातला शब्द समजतो तो लिपी हा शब्द इराणी दिपिवरून आला असे विद्वान मानतात. पुढे वलभीच्या ताम्रपटांत दिविरपति नावाचा अधिकारी भेटतो, तो म्हणजे लेखनिकांचा प्रमुख. काश्मीरच्या क्षेमेंद्राने तर लाचखाऊ दिविरांची भरपूर थट्टा केली आहे. तेव्हा दिविर, डबीर आणि लिपी ही तिन्ही भावंडे. एक संस्कृतात लवकर आले म्हणून घरचे ठरले, एक सुलतानांबरोबर उशिरा आले म्हणून परके ठरले.

इथे आर्मेनियन भाषेची गोष्ट थोडी पुढे न्यायला हवी, कारण तिच्यात आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आर्मेनियनमध्ये इराणी शब्दांची इतकी गर्दी आहे की एकोणिसाव्या शतकातले पंडित तिला इराणी भाषांचीच एक शाखा समजत. १८७५ साली हाइनरिख ह्यूब्शमान या जर्मन अभ्यासकाने गहू आणि खडे वेगळे करावेत तसे तिचे शब्द निवडले. उसने एका सुपात, घरचे दुसऱ्या सुपात. घरच्या शब्दांच्या सुपाकडे पाहिल्यावर दिसले की ही भाषा इराणी नाहीच. ग्रीक, संस्कृत, इराणी या जशा स्वतंत्र बहिणी, तशीच हीसुद्धा एक स्वतंत्र बहीण. पाहुण्यांच्या गर्दीत यजमानीण झाकली गेली होती. ह्यूब्शमानचा शिष्य ह्राच्या आचारियान याने पुढे आर्मेनियन धातूंचा प्रचंड कोश केला. त्याचे खंड येरेवानला १९२६ पासून निघू लागले, म्हणजे माधवरावांच्या कोशानंतर अवघ्या वर्षाने. दोघांची गाठ पडली होती असे नव्हे. पण दोन दूरच्या देशांत दोन माणसे एकाच सुमारास इराणातून आलेल्या पाहुण्यांची वही लिहीत होती, हे मला फार लोभस वाटते.

आर्मेनियनने या शब्दांचे पुढे काय केले? ते जपले. पार्थियन साम्राज्य बुडाले, पार्थियन बोलणारे लोकही राहिले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य आशियातल्या तुर्फानच्या वाळूत जुनी हस्तलिखिते सापडली आणि ती भाषा पुन्हा डोळ्यांना दिसली. तोवर पार्थियनचे कितीतरी शब्द आर्मेनियनच्या तिजोरीत सुखरूप पडून होते. बँकेत आम्ही पाहत असू, ठेवीदार वारलेला असतो, वारस येत नाहीत, पण ठेव पुस्तकात तशीच नावावर चालू राहते. तसेच हे. आणि मराठीनेही काही कमी जपणूक केलेली नाही. तेहरानचा माणूस आज दिवसाला रूझ म्हणतो, ताकदीला झूर म्हणतो, मित्राला दूस्त म्हणतो. आपण रोज, जोर, दोस्त म्हणतो. त्यांतला ओ हा जुन्या फारसीचा उच्चार आहे. इराणात तो बदलला, आपल्याकडे राहिला. इराणी माणसाला आपल्या पणजोबांचा उच्चार ऐकायचा असेल तर त्याने इतवारीच्या बाजारात एक फेरी मारावी.

पुन्हा माधवरावांकडे येऊ. १९२६ साली त्यांचे ‘विरहतरंग’ हे खंडकाव्य आले, विफल प्रेमाचे. १९२७ मध्ये ‘छंदोरचना’ हा मराठी वृत्तांचा शास्त्रीय ग्रंथ आला. १९२८ हे वर्ष त्यांना उजाडले म्हणायचे. ‘सुधारक’ हे खंडकाव्य त्याच वर्षीचे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांना प्राध्यापकी मिळाली आणि त्याच वर्षी लीलाताईंशी लग्न झाले. अकरा वर्षांचा संसार. त्या संसाराची कहाणी लीलाताई पटवर्धनांनी पुढे ‘आमची अकरा वर्षे’ या पुस्तकात सांगितली आणि मराठीतल्या वाचनीय आत्मचरित्रांत ते पुस्तक गणले जाते.

कोल्हापुरात माधवरावांची लेखणी धावू लागली. १९२९ मध्ये त्यांनी उमर खय्यामच्या रुबायांचे मूळ फारसीवरून भाषांतर केले. १९३१ मध्ये फिट्झेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून ‘द्राक्षकन्या’ केली. एकाच कवीकडे दोन वाटांनी जाणारा हा पहिलाच मराठी माणूस असावा. १९३३ मध्ये ‘गज्जलांजलि’ आली. गझलेची वृत्ते, तिचे यमक, तिचा अंत्यपदांचा खेळ त्यांनी मराठीत आणून बसवला. त्यांच्या गज्जला एकेका शेरात स्वतंत्रपणे उभ्या राहत नाहीत, त्या पुष्कळदा सलग भावगीतासारख्या वाहतात, असा आक्षेप पुढच्या काळात घेतला गेला आणि तो खोटा नाही. पण पायवाट त्यांनी पाडली. त्या पायवाटेचा राजरस्ता आपल्या विदर्भाच्या सुरेश भटांनी केला, अमरावतीला जन्मलेल्या आणि नागपुरात २००३ साली देह ठेवलेल्या भटांनी. रेशीमबागेतल्या त्यांच्या नावाच्या सभागृहावरून जाताना मला फारसीच्या त्या प्राध्यापकाचीही आठवण येते.

आणि याच सुमारास हा माणूस वळला. रत्नागिरीला स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ सुरू केली होती. माधवराव आरंभी तिच्या बाजूचे नव्हते. हळूहळू मत बदलले आणि मग ते तिचे बिनीचे शिलेदार झाले. १९३६ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिला. ज्याने पाहुण्यांची यादी केली, त्यानेच त्यांना निरोपाचा विडा हातात दिला.

यावरून त्यांना धरसोड वृत्तीचे म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्यांच्या जागी उभे राहून पाहायला हवे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजले होते. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शंभरात जेमतेम १४ निघाले, १६७७ च्या पत्रात ६२ आणि १७२८ च्या पत्रात ९३. दोन-तीन पत्रांवरून सगळ्या काळाचा हिशेब करू नये हे खरे, पण या आकड्यांनी त्या पिढीच्या मनावर मोठा परिणाम केला. राज्य गेले की भाषा जाते आणि राज्य आले की भाषा परतते, असे ते आकडे सांगत होते. महाराजांनी राजव्यवहारकोश करवून हजाराच्या वर दरबारी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्यामागे हाच स्वाभिमान होता. १९३० च्या दशकात देश पुन्हा परक्या राज्यात होता आणि फारसीच्या जागी इंग्रजी बसली होती. सुशिक्षितांचे मराठी वाक्य इंग्रजीच्या कुबड्यांवर चालत होते. अशा वेळी भाषेच्या अभिमानी माणसाला दाराला कडी लावावीशी वाटली तर त्यात नवल कसले? शिवाय माधवरावांनी फारसीचा द्वेष केला नाही. खय्याम त्यांनी सोडला नाही. फारसी शिकवून पोट भरणे त्यांनी अखेरपर्यंत चालू ठेवले. त्यांच्या ग्रंथाच्या नावात विवेक हा शब्द आहे, तो विसरू नये.

आणि त्या चळवळीने आपल्याला दिलेही. महापौर, दिनांक, हुतात्मा यांसारखे शब्द आज आपण सहज वापरतो. मराठीत नवा शब्द घडवता येतो, त्यासाठी विलायतेची परवानगी लागत नाही, हा धीर त्या लोकांनी दिला.

पण माझा हिशेब इथे थोडा वेगळा निघतो आणि तो मी पुस्तकातून काढलेला नाही. माझी नोकरी बँकेतली. त्यातली बरीच वर्षे विदर्भातल्या तालुक्याच्या गावी गेली, पीककर्जाच्या खिडकीपाशी. समोर कापूसवाला शेतकरी, हातात छापील अर्ज. अर्जावर ऋण, प्रतिभू, आहरण. तो बिचारा कागद उलटा-सुलटा करून पाहायचा. मग आमचा शिपाई त्याला सांगायचा, कर्ज हवे ना, मग जामीनदार आण, मुदत इतकी, हप्ते इतके. लगेच त्याच्या चेहऱ्यावरचे मळभ जायचे. कर्ज, जामीन, मुदत, हप्ता, तारीख, रक्कम, शिल्लक, यांतला एकेक शब्द फारसीतून किंवा फारसीच्या हाताने अरबीतून आलेला. तीनशे वर्षे याच शब्दांनी त्याच्या पणजोबांनी कर्ज काढले आणि फेडले. त्याच्या लेखी परका होता तो प्रतिभू. कागदावर दिनांक छापलेले असायचे, पण खिडकीवर विचारले जायचे ते आज तारीख काय हेच. मी स्वतः कितीतरी अंगठे उमटवून घेतले आहेत आणि प्रत्येक वेळी मनात यायचे की ज्या कागदावर हा माणूस आपली जमीन गहाण टाकतो आहे, त्यावरचा शब्द त्याला कळला पाहिजे. शब्द कुठल्या गावचा, ते नंतर पाहू.

शब्दाचे गाव पाहायला गेले तर आणखी एक पेच पडतो. हप्ता परका आणि सप्ताह आपला, असे म्हणावे तर दोघांतही तोच सात आहे. आपला स इराणात ह होतो, सिंधूचा हिंदू झाला तसाच. चेकवर आपण लिहितो तो हजार म्हणजे इराणच्या तोंडचे सहस्र. आर्मेनियनमध्येही हजाराला हजारच म्हणतात, तोही इराणकडून घेतलेला. बादशहाचे फर्मान आणि आपले प्रमाण हे एकाच घडणीचे शब्द. आर्मेनियनांनी पार्थियनांकडून ते ह्रामान म्हणून घेतले. शहर आणि क्षत्र सख्खे चुलतभाऊ. आर्मेनियनमध्ये तोच शब्द अश्खार्ह होऊन साऱ्या जगाचे नाव बनला. फारसी कवितेतले गुल आणि आर्मेनियनमधले वार्द, दोन्ही गुलाबच, आणि मुळात एकच शब्द. आणि दाद? तिचे मूळ इराणी दात, म्हणजे घालून दिलेला कायदा. आपल्या विधी आणि विधान या शब्दांत जो धा धातू आहे तोच त्यात आहे. आर्मेनियनमध्ये दात म्हणजे खटला, निवाडा, आणि न्यायाधीश म्हणजे दातावोर. आपण मात्र एका शब्दाचे दोन उपयोग केले. कचेरीत दाद मागायची आणि मैफलीत दाद द्यायची. न्याय आणि रसिकता यांना एकच शब्द वापरणारी भाषा गरीब कशी म्हणावी?

काही शब्दांना तर आपण असे वाढवले की त्यांचे आईबापही त्यांना ओळखणार नाहीत. फारसीत शिकस्त म्हणजे पराभव, मोडतोड. मराठी माणूस प्रयत्नांची शिकस्त करतो, म्हणजे हार मानायची नाही असे ठरवतो! तमाशा म्हणजे मूळचे नुसते फिरून मौज पाहणे. आपण त्याला ढोलकी दिली, लावणी दिली, गण-गवळण दिली. अशा शब्दाला आता परत जा म्हटले तर त्याने जायचे कुठे?

माधवरावांसारख्या चोखंदळ माणसाला ही नाती दिसली नसतील असे मी म्हणणार नाही. फारसी आणि संस्कृत यांचे नाते तेव्हाच्या विद्वानांना ठाऊक होते. त्यांच्यापुढचा प्रश्न नात्याचा नव्हता, सत्तेचा होता. शब्द कोणाच्या तलवारीबरोबर आला, हे ते पाहत होते. आर्मेनियाच्या गादीवर बसलेले पार्थियनही बाहेरचेच होते. पण आर्मेनियन माणसाने काळ लोटल्यावर तलवार विसरून शब्द ठेवला आणि त्याची शाळा केली. विसरायला किती काळ लागतो, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. १९३८ साली माधवरावांना तो काळ अजून पुरेसा लोटला नव्हता असे वाटले. त्यांच्या मताशी मी सहमत नाही, पण त्या मतामागची कळ मला समजते.

१९३८ सालीच त्यांना मुंबई विद्यापीठाने ‘छंदोरचने’साठी डी. लिट. दिली. ग्रंथाची सुधारून वाढवलेली आवृत्ती आदल्या वर्षीच निघाली होती. मराठीसाठी मिळालेली ती पहिली डी. लिट. मराठीच्या वृत्तांचा, जातींचा, ओवी-अभंगांचा, गझलेच्या चालींचा एवढा बारकाईने घेतलेला ताळेबंद त्याआधी झाला नव्हता. त्या वर्षी त्यांचा ‘तुटलेले दुवे’ हा सुनीतांचा संग्रहही निघाला. सारे काही मनासारखे होऊ लागले होते, आणि २९ नोव्हेंबर १९३९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे पंचेचाळीस. खय्यामच्या रुबायांवर त्यांनी तिसऱ्यांदा केलेला हात, ‘मधुलहरी’, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. शुद्धीच्या लढ्यातला हा शिलेदार अखेरपर्यंत इराणच्या त्या म्हाताऱ्या कवीला सोडू शकला नाही, यातच सगळे आले.

पंचेचाळीस वर्षांच्या या आयुष्याने आपल्यासाठी दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवली आहेत, १९२५ चा कोश आणि १९३८ चा विवेक. एक सांगते, आलेल्याची नीट नोंद ठेव. दुसरे सांगते, येईल त्याला डोळे मिटून घरात घेऊ नकोस. आपण बहुतेक जण दोन्ही विसरलो आहोत. आज घराघरांत मुलांच्या बोलण्यात इंग्रजी शब्द फारसीच्या काळापेक्षाही दाट झाले आहेत. त्यावर कपाळाला आठ्या घालून काही साधणार नाही आणि कौतुक करूनही नाही. पहिले काम डबिराचे आहे. कोणता शब्द आपल्याकडे नव्हता म्हणून आला, कोणता आपल्याच घरातल्या चांगल्या शब्दाला उठवून त्याच्या पाटावर बसला, हे आधी निवडून पाहायला हवे. ह्यूब्शमानने ते आर्मेनियनसाठी केले तेव्हा एक अख्खी भाषा गर्दीतून पुन्हा उभी राहिली. मराठीसाठी त्या कामाची मोठी सुरुवात माधवरावांनी केली, तीही नोकरी नसताना, गाव बोटे दाखवत असताना. त्याबद्दल त्यांना मिळायला हवी होती ती दाद, न्यायाची आणि रसिकतेची, दोन्ही अर्थांनी, अजून पुरती देऊन झालेली नाही.